विषवल्लीचा दोष कोणता?

(द्वितीय वर्ष, कला)

मांसाहारी वनस्पती म्हटले, की माणसाला फांद्यांत आवळून गिळणारे एखादे अक्राळविक्राळ झाड आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. १८७४ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने मादागास्करमधील अशा झाडाची हकीकत छापली होती. ती निव्वळ बनावट होती. पुढच्याच वर्षी चार्ल्स डार्विनने कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील खरी झाडे मात्र लहानखुरीच आहेत.

ती पाहण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाच्या परिसरात, पावसाळ्याच्या अखेरीस ओल्या कातळावर निळ्या-जांभळ्या इवल्या फुलांचे ताटवे दिसतात. लोक त्यांना ‘सीतेची आसवे’ म्हणतात. या नाजूक वनस्पतीला मुळे नसतात. चिखलात तिच्या बारीक पिशव्या दडलेल्या असतात. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसांना लागला, की झडप उघडते आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. डोळ्याचे पाते लवण्याआधी हे सारे संपते! सह्याद्रीत आढळणारी ‘दवबिंदू’ ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडते.

ही शिकार कशासाठी? कातळावर माती विताएवढीही नसते आणि मुसळधार पावसात तिच्यातील सत्त्व वाहून जाते. नत्र मिळेना, म्हणून ही झाडे ते किड्यांतून मिळवतात.

विषाचेही असेच आहे. जनावर पळून जाते, शिंग मारते. झाड बिचारे जागचे हलू शकत नाही. म्हणून रुईत दाहक चीक, धोतऱ्यात भ्रम आणणारे विष, तर सोनारांच्या वजनाच्या गुंजेत आणि एरंडाच्या बीत प्राणघातक द्रव्ये असतात. कळलावीचा कंद विषारी. पण त्यातीलच कोल्चिसिन हे द्रव्य संधिवाताच्या एका प्रकारावर औषध ठरले आहे.

परंतु सर्वांत जवळचे विष आपल्या भाकरीच्या पिकात आहे, हे मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हते. एका दुष्काळी वर्षी उशिरा पाऊस झाला आणि जोंधळ्याच्या धसकटांना हिरवेगार फुटवे आले. आमची कालवड दावे तोडून त्या रानात शिरली. तिचे पोट फुगले, धाप लागली, अंग थरथरले आणि डॉक्टर येण्यापूर्वीच ती गेली. जुनी माणसे याला ‘किराळ लागणे’ म्हणतात. पण काहींनी आमच्या वाटेने नेहमी जाणाऱ्या एका विधवा बाईचे नाव घेतले. तिची नजर लागली म्हणे! त्यानंतर कित्येक दिवस ती माउली आमच्या दारावरून गेली नाही.

वास्तविक प्रकार असा. कोवळ्या जोंधळ्यात ‘धुरिन’ नावाचे द्रव्य असते. पाने चावली गेली, की त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. रक्तात प्राणवायू असूनही शरीरातील पेशींना तो वापरता येत नाही आणि जनावर जणू गुदमरून मरते. पाण्याचा ताण पडलेल्या पिकात व नव्या फुटव्यांत हे द्रव्य अधिक असते. पीक फुलोऱ्यावर आल्यावर आणि चांगले वाळल्यावर धोका बराच कमी होतो. वेळीच पशुवैद्य आला तर यावर इंजेक्शन आहे.

आपल्यापैकी पुष्कळजण शेतकऱ्यांची मुले आहेत. सुट्टीत घरी गेल्यावर एवढे जरूर सांगावे, की कोवळा जोंधळा जनावरास घालू नये, आणि किराळ लागली तर मांत्रिकाकडे न जाता डॉक्टरांकडे धाव घ्यावी. विष झाडात असते, ते त्याच्या जगण्यासाठी असते. माणसाच्या नजरेत ते नसते. एवढे गावाला पटले, तरी एखाद्या बाईला मान खाली घालून आडवाटेने जावे लागणार नाही.