बोगद्याने बदललेला नकाशा

ग्रोदोस, नॉर्वे : पश्चिम नॉर्वेच्या डोंगरांत होर्निंदाल ही एक ग्रामीण पालिका होती. १८६७ मध्ये ती शेजारच्या आइडपासून वेगळी झाली आणि १ जानेवारी २०२० रोजी वोल्दा पालिकेत विलीन झाली. दीडशे वर्षं चाललेला हा कारभार का संपला, हे समजायचं तर आधी इथला भूगोल पाहायला हवा.

होर्निंदालचं क्षेत्रफळ सुमारे १९० चौरस किलोमीटर आणि वस्ती जेमतेम बाराशे. बरीचशी जमीन उभ्या कड्यांची. माणसं राहतात ती दरीत आणि तळ्याकाठच्या उतारांवर. ग्रोदोस हे मुख्य गाव होर्निंदाल्सवात्नेत तळ्याच्या पूर्व टोकाला वसलं आहे. हिमनदीने कोरलेलं हे तळं युरोपातलं सर्वांत खोल, ५१४ मीटर. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ५३ मीटर उंचावर, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही साडेचारशे मीटरहून अधिक खाली! हिमनद्यांचं गढूळ पाणी यात येत नाही, त्यामुळे ते नितळ राहतं. तळ्याचं पाणी पश्चिमेला आइडकडे वाहतं, आणि पूर्वी माणसांचं जाणं-येणंही त्याच दिशेला जास्त होतं. उत्तरेला वोल्दा, पण मध्ये डोंगर आडवा.

२०१२ मध्ये साडेसहा किलोमीटरचा क्वीव्ह बोगदा खुला झाला आणि वोल्दा हाकेच्या अंतरावर आलं. तिथे रुग्णालय आहे, उच्च शिक्षणाची संस्था आहे, नोकऱ्या आहेत. पुढे सरकारने पालिकांची फेररचना हाती घेतली, तेव्हा होर्निंदालने वोल्दाची वाट धरली. २०२० मध्ये देशातल्या ४२२ पालिकांच्या ३५६ झाल्या. होर्निंदालचा तर जिल्हाही बदलला : सोंग ओ फ्योर्दानेमधून ते म्योरे ओ रोम्सदालमध्ये गेलं. आइडने मात्र दुसरीकडे, सेल्येशी हातमिळवणी केली. त्यातून स्ताद पालिका झाली. परिणामी आज एकाच तळ्यावर दोन जिल्ह्यांची हद्द आहे.

आपल्याकडच्या ग्रामपंचायतीएवढ्या वस्तीची ही पालिका, पण तिच्या अंगावरची कामं पाहा : दहावीपर्यंतची शाळा, बालवाडी, गावचा डॉक्टर, वृद्धांची देखभाल, पाणीपुरवठा. बाराशे लोकांत यासाठी तज्ज्ञ माणसं मिळवणं आणि टिकवणं अवघड असतं, हा विलीनीकरणामागचा युक्तिवाद खरा आहे. पण कारभार दूर गेला की छोट्या गावाचा आवाज सभागृहात क्षीण होतो, ही भीतीही तितकीच खरी आहे. लोकसंख्येच्या हिशेबात होर्निंदाल आता मोठ्या पालिकेतला लहान वाटेकरी आहे.

म्हणून मला वाटतं, या विलीनीकरणाचं यश वाचलेल्या पैशांवरून ठरवू नये. ग्रोदोसमध्ये शाळा भरते का, म्हाताऱ्यांना आपल्याच गावात आधार मिळतो का आणि तरुण कुटुंबं इथे घर बांधतात का, यावरून ते ठरवावं. बोगद्यामुळे गावकऱ्यांना शहर गाठता येतं, हे चांगलंच झालं. पण त्याच वाटेने सोयीही गावापर्यंत येत राहिल्या पाहिजेत.