हिरव्या चौकोनांची हजेरी

परीक्षेचा निकाल लागला की शेजारीपाजारी पेढे वाटायचे, ही आपली रीत. पण रोज किती तास अभ्यास केला, हे काही कुणी चाळभर सांगत फिरत नसे. कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांचं हल्ली उलट झालंय.

प्रोग्रामिंग करणारी मुलं आपलं काम ‘गिटहब’ या वेबसाइटवर ठेवतात. २००८ साली सुरू झालेली ही वेबसाइट २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. तिथे प्रत्येकाच्या पानावर वर्षभराच्या दिवसांचे छोटे चौकोन असतात. काम केलं की त्या दिवसाचा चौकोन हिरवा. जास्त काम, तर रंग गडद. याला सोशल मीडियाचं खातं जोडून एकदा परवानगी दिली, की प्रत्येक कामाची बातमी आपोआप सगळीकडे जाते.

याचा फायदा नाही असं कसं म्हणू? आमच्या वरळीत बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेल्या कितीतरी मुलांना ना ओळखी, ना मोठ्या कॉलेजचं नाव. त्यांचं काम चार जाणत्यांच्या नजरेस पडलं, तर चांगलंच आहे.

पण आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलीची आजी इस्पितळात होती. रात्रीची जागरणं चालू. तरी ही रोज मोबाइलवरून प्रोग्रामची एखादी ओळ उगाच बदलायची. का गं, विचारलं तर म्हणाली, ‘‘साखळी तुटेल ना काकू! सगळ्यांना दिसतं.’’ म्हणजे काम शिकण्यासाठी राहिलंच नाही, हजेरीसाठी उरलं.

गिटहब पूर्वी ‘सलग किती दिवस’ हा आकडाही दाखवायचं. मे २०१६मध्ये त्यांनीच तो काढून टाकला. शिवाय चौकोनाची तारीख ज्याच्या-त्याच्या कॉम्प्युटरवरून येते, ती मागेपुढे करता येते. मग त्या हिरव्या रंगाचा एवढा धाक कशाला?

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. रोजची बातमी वेळेसकट बाहेर गेली, की मुलगी रात्री कितीपर्यंत जागी असते, कधी गावाला जाते, हे अनोळखी माणसालाही कळतं. फेसबुकने २००७मध्ये ‘बीकन’ नावाची सोय आणली होती. दुसऱ्या वेबसाइटवर केलेली खरेदी त्यातून मित्रमंडळींना आपोआप कळायची. लोकांनी ओरड केली आणि २००९मध्ये ती बंद झाली.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांना एवढंच सांगा. सेटिंग्जमध्ये जाऊन कुठल्या अ‍ॅपला परवानगी दिली आहे ते बघा, नको ती काढून टाका. सांगायचं तर आठवड्यातून एकदा स्वतःच्या हाताने लिहा : काय बनवलं, कुठे अडलं, कसं सुटलं. नोकरी देणाऱ्यालाही त्यातून जास्त कळेल. आणि आपणही ‘‘आज किती केलंस?’’ याऐवजी ‘‘आज काय नवीन जमलं?’’ असं विचारू या. एखाद्या दिवशी काहीच जमलं नाही, तरी जेवायचं ताट तेवढ्याच मायेने वाढू या.