उंदीर पडल्याची वर्दी

आमच्या नगर जिल्ह्यांतील जुन्या मंडळींच्या बोलण्यांत ‘उंदीर पडले’ हे शब्द आले, कीं ऐकणाराच्या काळजांत धस्स होत असे. घरांत उंदीर मरून पडूं लागले, म्हणजे लोक गांव सोडून शेतांत झोंपड्या घालून राहत. मेलेल्या उंदराचें एवढें भय कां, हें आम्ही वाचकांस सांगूं इच्छितों.

प्लेगचे जंतु उंदराच्या रक्तांत वाढतात व पिसवांच्या चाव्यानें एका उंदरापासून दुसऱ्यास जडतात. उंदीर मरून त्याचें अंग थंड झालें, म्हणजे पिसवा दुसरें ऊबदार शरीर शोधतात. जवळ उंदीर न मिळाल्यास त्या माणसास चावतात. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनीं १८९८ सालीं कराचींत प्रयोग करून हें दाखविलें. तात्पर्य, मेलेला उंदीर ही साथीची आगाऊ वर्दीच होय.

१८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत, जेथें धान्याच्या वखारी होत्या, ज्वर व गांठी यांनीं माणसें मरूं लागलीं. तेथील डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं रोगी तपासून हा गांठीचा प्लेग आहे असें ओळखिलें, व २३ सप्टेंबर रोजीं तें म्युनिसिपालिटीच्या सभेंत उघड सांगितलें. अशी वार्ता कोणासही नकोशी असते. परंतु ती दडविल्यानें साथ थांबत नाहीं. पुढें सरकारनें घरोघर सक्तीनें झडत्या घेतल्या. तेव्हां भयानें लोक रोगी लपवूं लागले आणि खरी माहिती मिळणें अधिकच दुर्घट झालें. साथ पुण्यास पोंचली. नगर येथें मिस फॅरार यांच्याजवळ अध्यापनाचें शिक्षण घेतलेल्या सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत असतां १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें निवर्तल्या.

आतां दुसरें उदाहरण पाहा. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत मामला नांवाचें गांव आहे. तेथें १९९४ च्या ऑगस्टांत उंदीर मेलेले दिसले व पिसवांचा उपद्रव वाढला. पुढें लोकांस ज्वर व गांठी येऊं लागल्या. आरोग्य खात्याच्या लोकांनीं घरोघर जाऊन रोगी शोधले, रक्त तपासणीस पाठविलें, पिसवा मारण्याची औषधें फवारलीं व रोग्यांस जंतुनाशक औषधें दिलीं. त्या साथींत महाराष्ट्रांत प्लेगनें मृत्यु झाल्याची नोंद नाहीं.

साथीचा तपास करणारा मनुष्य चार प्रश्न विचारतो: आजारी कोण, कोठें, केव्हांपासून, व आजारापूर्वीं तेथें काय घडलें? त्यांचीं उत्तरें त्याच्या पेटींत नसतात. तीं घरांतील आईजवळ, शेजाऱ्याजवळ, शाळेंतील मुलाजवळ असतात. तीं दटावून मिळत नाहींत, विश्वासानेंच मिळतात.

म्हणून, बाळांनो, घरांत वा गोठ्यांत उंदीर मरून पडलेले दिसल्यास त्यांस हात लावूं नका, व ती गोष्ट लपवूंही नका. वडील माणसांस सांगा. आणि पालकांनीं ती आशा सेविकेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या कानीं घालावी. वर्दी चुकीची ठरली तर एका माणसाचा हेलपाटा होईल. खरी असून दडविली गेली, तर त्याची किंमत साऱ्या गांवास द्यावी लागेल.