विद्यापीठ बदलतांना श्रेयांकांचा हिशेब

पुणें विद्यापीठ सन १९४९ च्या फेब्रुवारींत स्थापन झालें. तोंपर्यंत फर्ग्युसन, सर परशुरामभाऊ, वाडिया इत्यादि येथील महाविद्यालयें मुंबई विद्यापीठास जोडलेलीं होतीं. तीं नव्या विद्यापीठाकडे आलीं. अशा प्रसंगीं व्यवस्था संस्थाच पाहतात. परंतु वडिलांची बदली झाली म्हणून एकट्या विद्यार्थ्यास विद्यापीठ बदलावें लागलें, तर सारा हिशेब त्यालाच करावा लागतो, आणि तो चुकल्यास वर्ष वायां जातें.

या हिशेबाचें नाणें म्हणजे श्रेयांक, ज्यास बहुतेक लोक क्रेडिट म्हणतात. एका सत्रांत व्याख्यानाचे सुमारें पंधरा तास भरले, कीं एक श्रेयांक. प्रात्यक्षिकास मात्र तीस तास लागतात. महाराष्ट्रांत तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ श्रेयांक ठरविले आहेत, म्हणजे दर सत्रास वीस ते बावीस. विद्यापीठ अनुदान आयोगानें सन २०२१ मध्यें श्रेयांकांची एक पेढीच काढली. विद्यार्थ्याच्या नांवें तेथें खातें असतें व मिळविलेले श्रेयांक त्यांत जमा होतात. त्यांची मुदत जास्तींत जास्त सात वर्षें.

येथें पालकांचा एक गैरसमज होतो. खात्यांत जमा असलेला श्रेयांक नव्या विद्यापीठानें पदवीस धरलाच पाहिजे, असें नाहीं. विषय जुळतो कीं नाहीं, हें अभ्यासक्रम पाहून तेथील मंडळी ठरवितात. म्हणून गुणपत्रक व स्थलांतर प्रमाणपत्र यांच्याबरोबर प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रमहि जुन्या महाविद्यालयांतून मागून घ्यावा. नुसत्या विषयाच्या नांवावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. जागा रिकामी आहे काय, हा प्रश्न तर त्याहून वेगळा. तो आधीं विचारावा.

समजा, नागपुरास पहिलें वर्ष पुरें करून एक मुलगी पुण्यास आली. तिच्या ४४ श्रेयांकांपैकीं ८ नव्या अभ्यासक्रमाशीं जुळले नाहींत. १३२ पैकीं ३६ वजा जातां ९६ उरले. ते चार सत्रांत वांटले तर दर सत्रास २४. बावीसांचे चोवीस झाले, एवढेंच कागदावर दिसतें. परंतु ते दोन श्रेयांक प्रात्यक्षिकाचे असल्यास आठवड्यास चार तास अधिक लागतात, आणि तेहि प्रयोगशाळा मोकळी असेल तेव्हांच! वेळापत्रक मांडतांना म्हणून प्रथम प्रात्यक्षिकांचे तास भरावे, मग पुढील सत्राच्या विषयास पाया म्हणून लागणारे विषय. ऐच्छिक विषय उरलेल्या जागीं बसवावे.

दोन वर्षें झाल्यावर येणाऱ्याची अडचण अधिक मोठी. त्याच २०२१ च्या नियमांनीं पदवी देणाऱ्या संस्थेंतच निदान निम्मे श्रेयांक मिळविण्याची अट घातली. १३२ चे निम्मे ६६. उरलेल्या एका वर्षांत मिळणार ४४. ही अट लागू झाल्यास बावीस कमी पडतात, म्हणजे आणखी एक पूर्ण सत्र, त्याची फी व वसतिगृहाचा खर्च. ती आपल्या मुलास लागू होते काय, हें प्रवेशापूर्वीं विद्यापीठाच्या पात्रता विभागांत विचारून उत्तर लेखी घ्यावें. तोंडी आश्वासन देणारा कारकून पुढच्या वर्षीं त्याच मेजावर असेलच असें नाहीं.

राहून गेलेला विषय पहिल्याच सत्रांत उरकण्याचा मोह पुष्कळांस होतो. नवें शहर, नवे अध्यापक व परीक्षेची नवी पद्धत हीं सर्व एकदम आलेलीं असतात. तेव्हां तो दुसऱ्या सत्रास ठेवणें बरें, मात्र तो त्या सत्रांत शिकविला जातो ना, एवढें आधीं पाहून घ्यावें.