कॉफी मेकर बंद पडला, तर दोष शोधावा कुठे?

घरातला कॉफी मेकर एखाद्या सकाळी अचानक बंद पडतो. आदल्या दिवसापर्यंत बिनतक्रार चाललेले यंत्र बटण दाबूनही ढिम्म राहते. किंवा दिवा लागतो, आतून बुडबुड ऐकू येते, पण भांड्यात थेंबही उतरत नाही. यानंतर बहुतेक घरांत दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर यंत्र माळ्यावर जाते, नाही तर कोणीतरी ते उघडून आतल्या तारा ‘डायरेक्ट’ जोडून देतो. पहिल्या मार्गाने पैसे वाया जातात. दुसऱ्याने घराला आग लागण्याचा धोका ओढवतो. हे दोन्ही टाळायचे, तर या यंत्राच्या पोटात काय चालते एवढे समजून घेणे पुरेसे आहे.

विजेवर चालणारा, थेंबाथेंबाने कॉफी गाळणारा घरगुती कॉफी मेकर प्रथम जर्मनीत तयार झाला. ‘विगोमाट’ नावाचे ते यंत्र १९५४ सालचे. पुढे अमेरिकेत १९७२ मध्ये ‘मिस्टर कॉफी’ बाजारात आला आणि हा प्रकार घरोघरी पोचला. आज दुकानात दिसणाऱ्या साध्या यंत्रांची आतली रचना, कंपनी कोणतीही असो, जवळजवळ सारखीच असते. त्यात पाणी वर चढते, पण बहुधा पंप नसतो. टाकीच्या तळाच्या छिद्रातून पाणी एका अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत उतरते. ही नळी भांडे ठेवण्याच्या तव्याखाली, घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या हीटिंग कॉइलला चिकटून असते. नळीत पाणी उकळते आणि वाफेचे बुडबुडे ते वर ढकलतात. ते मागे टाकीत परतू नये म्हणून वाटेत एक झडप असते. ती पाण्याला एकाच दिशेने जाऊ देते. उष्णता प्रमाणाबाहेर गेली, की थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि यंत्र निवल्यावर पुन्हा जोडतो. थर्मोस्टॅटच निकामी झाला, तर शेवटचे संरक्षण म्हणून थर्मल फ्यूज असतो. तो एकदा उडाला, की पुन्हा जुळत नाही.

याचा अर्थ असा, की दोष मुख्यतः तीन ठिकाणी संभवतो : विजेचा पुरवठा, पाण्याची वाट आणि आतली उष्णतेची यंत्रणा. तपासणीही याच क्रमाने, बाहेरून आत करावी.

दिवाच लागत नसेल, तर प्रथम सॉकेट तपासावे. त्यासाठी मोबाईलचा चार्जर लावून पाहणे पुरेसे नाही. चार्जरला अत्यल्प वीज लागते. सैल सॉकेटवरही तो चालतो. कॉफी मेकर साधारण ६०० ते १००० वॅटचा असतो, म्हणून त्याच सॉकेटवर इस्त्री लावून पाहावी. इस्त्री नीट तापली, तर सॉकेट निर्दोष समजावे. वायर प्लगपाशी व यंत्रापाशी वाकून वाकून आतून तुटते, तीही पाहावी. घड्याळ असलेल्या यंत्रात वीज गेल्यानंतर वेळ पुसली जाते आणि यंत्र बिघडल्याचा भास होतो. वेळ पुन्हा लावली, की काम सुरू होते.

गोव्यात या तपासणीला आणखी एक पदर आहे. जहाजावर किंवा परदेशी नोकरी करणारे आप्त सुट्टीवर येताना अशी यंत्रे घेऊन येतात. दुबई, ब्रिटन वा पोर्तुगालमधील यंत्र विद्युतदाबाच्या दृष्टीने येथे चालते. फक्त प्लग निराळा असतो. मात्र अर्थिंग नसलेला अ‍ॅडॅप्टर लावू नये. अमेरिकेतील यंत्राची गोष्ट वेगळी. ते १२० व्होल्टसाठी बनवलेले असते आणि आपल्याकडील पुरवठा २३० व्होल्टचा. दाब दुपटीजवळ गेला, की उष्णता साडेतीन पटींहून अधिक होते. असे यंत्र लावताक्षणी तरी जळते, नाही तर त्याचा थर्मल फ्यूज उडतो. तळाच्या पट्टीवरचा व्होल्टचा आकडा वाचल्याखेरीज प्लग लावू नये.

यंत्र सुरू करताच मीटरजवळचा ‘आरसीसीबी’ पडत असेल, तर वीज यंत्राच्या धातूच्या भागात उतरत असल्याची शंका घ्यावी. पावसाळ्यात अनेक महिने न वापरलेल्या यंत्राच्या कॉइलमधील निरोधक भुकटी ओल धरते, त्यामुळेही असे घडते. ब्रेकर पुन्हा पुन्हा वर करून पाहण्याचा मोह टाळावा. यंत्र बाजूला ठेवून जाणकाराकडून तपासून घेणे हाच योग्य मार्ग.

दिवा लागतो, तवा तापतो, पण पाणी वर चढत नाही, अशी स्थिती असेल, तर वीज निर्दोष आहे आणि दोष पाण्याच्या वाटेत आहे. येथे पहिला संशयित म्हणजे क्षार. पाण्यातील कॅल्शियमचे क्षार उष्णतेने नळीच्या आतल्या बाजूस चुन्यासारखे बसतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठिणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही यंत्राची नळी बुजवू शकते. पाणी उकळण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर दिसत असेल, तर कॉफी मेकरच्या नळीतही तो असणार.

त्यावर उपाय घरातच आहे. पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्यावे किंवा लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, विरघळवावे. हे द्रावण टाकीत भरून, कॉफी न घालता यंत्र चालवावे. निम्मे पाणी उतरले, की बंद करून अर्धा तास थांबावे, मग उरलेले उतरू द्यावे. नंतर साध्या पाण्याने दोन-तीन वेळा यंत्र चालवून धुऊन काढावे. पाणी मुळीच चढत नसेल, तर यंत्र बंद ठेवून द्रावण दोन-तीन तास टाकीत राहू द्यावे. ते आपोआप नळीत उतरते. या द्रावणात ब्लीच कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

वाफेचे बुडबुडे उलट टाकीतच येत असतील, तर एकमार्गी झडप क्षारामुळे अडकली आहे असे समजावे. वरील उपायाने ती बहुधा मोकळी होते. कधी तापलेल्या यंत्रात पाणी ओतल्याने नळीत हवा अडकते. अशा वेळी यंत्र बंद करून निवू द्यावे, टाकी रिकामी करून ताजे थंड पाणी भरावे आणि पुन्हा सुरू करावे.

पाणी वर चढते, पण कॉफी भांड्यात न पडता कडेने उतू जाते, यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. आपल्याकडे मिळणारी फिल्टर कॉफीची पूड दक्षिणी पद्धतीच्या पितळी वा स्टीलच्या फिल्टरसाठी दळलेली असते. ती बारीक असते, तिच्यात पुष्कळदा चिकोरीही असते, आणि पाणी सावकाश झिरपावे हाच तिचा हेतू. कॉफी मेकरमध्ये मात्र पाणी वेगाने येते आणि गाळणी तुंबते. मध्यम जाडसर पूड वापरली, की प्रश्न सुटतो. गाळणीखालची, भांडे ठेवल्यावर उघडणारी स्प्रिंगची झडपही कोमट पाण्याने धुवावी. उतू गेलेली कॉफी यंत्राच्या तळात शिरून विजेचे सांधे गंजवते, म्हणून याकडे दुर्लक्ष करू नये.

सॉकेट ठीक, वायर ठीक, तरीही यंत्र थंडगार, अशा वेळी दोष आत आहे. हमीचा काळ शिल्लक असल्यास यंत्र उघडू नये. हमी संपली असल्यास ते प्लग काढून, पूर्ण निवल्यावर जाणकाराकडे द्यावे. मल्टिमीटरने तो काही मिनिटांत निदान करू शकतो. ८०० वॅटच्या कॉइलचा रोध सुमारे ६६ ओहम भरतो. तेवढा आढळला, तर कॉइल शाबूत आहे आणि संशय थर्मल फ्यूजकडे किंवा थर्मोस्टॅटकडे वळतो.

दुर्घटनेचे मूळ नेमके इथे आहे. थर्मल फ्यूज अगदी लहान व स्वस्त भाग. तो वगळून तारा थेट जोडल्या, की यंत्र लगेच सुरू होते आणि दुरुस्ती झाल्याचा समज होतो. परंतु फ्यूज उगाच उडत नाही. टाकीत पाणी नसताना यंत्र चालू राहिले, क्षाराने नळी तुंबली किंवा थर्मोस्टॅट चिकटून बसला, म्हणून तो उडाला. ते कारण तसेच राहिले आणि संरक्षण तेवढे निघून गेले, तर पुढच्या वेळी कॉइल तापतच राहील. तिला थांबवणारे काहीही नसेल आणि तिच्याभोवती प्लास्टिक असेल. म्हणून नवा फ्यूज त्याच तापमानाचा व त्याच अ‍ॅम्पिअरचा हवा. तो डाग न देता दाबून बसवावा, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेनेही तो उडतो. सोबत थर्मोस्टॅट तपासून घ्यावा. दुरुस्ती करणाऱ्याला ‘फ्यूज घातला की डायरेक्ट केले?’ असे स्पष्ट विचारण्यात संकोच नको.

कॉइलच तुटली असेल, तळाचे प्लास्टिक वितळले असेल किंवा टाकीला तडा गेला असेल, तर यंत्राचा निरोप घ्यावा. ते रोजच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावे. पण तशी वेळ बहुधा उशिरा येते. महिन्यातून एकदा क्षार काढणे, रिकाम्या टाकीने यंत्र सुरू न करणे आणि काम संपताच प्लग काढणे, या तीन सवयी असलेल्या घरात कॉफी मेकर वर्षानुवर्षे चालतो.