पहिली चूक खोक्यात होऊ दे

शिकणारे हात : लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात टाके घालायला शिकणाऱ्या हातांबद्दल लिहिलं. टाका चुकला तर उसवून पुन्हा घालता येतो. जठराच्या दुर्बिणीचं तसं नाही. ती तोंडातून आत जाते, रुग्ण बहुतेक वेळा जागा असतो, आणि शिकणाऱ्याचा अंदाज चुकला की त्याची शिक्षा रुग्णाच्या घशाला तिथल्या तिथे मिळते.

परळ-लालबागच्या घरांना ‘दुर्बिणीची तपासणी’ नवी नाही. केईएम, नायर, जे. जे. ही शिकवणारी रुग्णालयं आहेत. तिथे रेसिडेंट शिकतात आणि शिकलेच पाहिजेत; आज परळला शिकलेला डॉक्टर उद्या चंद्रपूरला किंवा सावंतवाडीला कुणाची रक्ताची उलटी थांबवणार असतो. प्रश्न एवढाच की त्याचे अगदी पहिले, चाचपडणारे प्रयत्न कुणावर व्हावेत? खिशात पैसे नाहीत म्हणून सार्वजनिक रुग्णालयात आलेल्या माणसावर ते व्हावेत, हे मला अजिबात मान्य नाही. ते टाळायला फारसा खर्चही येत नाही.

१८६८ साली जर्मनीत अडॉल्फ कुसमाउल यांनी जिवंत माणसाच्या जठरात ताठ नळी घालून पाहिलं, तेव्हा त्यांनी निवडला होता तलवार गिळणारा एक कसबी. डॉक्टर नवखा, पण घसा सरावलेला. १९५७ साली बेझिल हर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचिक दुर्बीण आधी स्वतःच गिळली. आपल्या ओपीडीत मात्र हातही नवखा आणि घसाही नवखा, अशी गाठ पडते.

हाताला नेमकं काय शिकायचं असतं? दुर्बिणीची मूठ डाव्या हातात धरायची. तिच्यावर दोन चाकं असतात. मोठं चाक टोक वर-खाली वाकवतं, लहान चाक डावी-उजवीकडे. अंगठा चाकावर आणि बोटं दोन बटणांवर ठेवायची. एक बटण हवा-पाणी सोडतं, दुसरं आतलं ओढून घेतं. उजव्या हातात नळी. ती पुढेमागे सरकवायची आणि पिळायचीही. हे सगळं हातांकडे न बघता, कारण नजर पडद्यावर हवी. दातांपासून सुमारे १५ सेंटिमीटरवर अन्ननलिकेचं तोंड, ४० सेंटिमीटरच्या आसपास जठराची सुरुवात. नवख्याचा अंगठा भलतीकडे जातो, टोक भिंतीला टेकतं आणि पडदा लालभडक होतो. अशा वेळी नळी रेटायची नाही, थोडी मागे घ्यायची. डोक्याला हे लगेच समजतं, पण अंगठ्याला ते कळायला पुष्कळ वेळ लागतो. तो वेळ रुग्णाच्या घशातूनच काढला पाहिजे असं मुळीच नाही.

अमेरिकेत बॉस्टनच्या डॉक्टरांनी यासाठी पाच कामांचं एक खोकं तयार केलं: टोक नेमक्या जागी वाकवणं, नळी पिळून वळवणं, मागे वळून बघणं, फासाने गाठ पकडणं, वळणावळणाची वाट काढणं. यातलं बरंचसं पुठ्ठ्याच्या खोक्यातही बसतं. एका बाजूला भोक पाडायचं, त्यावर चीर दिलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवायचा. घशाजवळ लागतो तसा अडसर तयार होतो. आतल्या भिंतींवर आकडे चिकटवायचे आणि शिकणाऱ्याने एकेक आकडा पडद्याच्या मधोमध आणून थांबायचं. एक आकडा मुद्दाम भोकाच्याच भिंतीवर, आतल्या बाजूला लावायचा. तो बघायला टोक पुरतं उलटं वळवावं लागतं. जठराचा वरचा घुमट तपासताना नेमकं हेच करावं लागतं, आणि नवख्याचं तिथलंच बघायचं राहून जातं.

यासाठी रुग्णसेवेतून बाद झालेली, पण चाकं चालणारी जुनी दुर्बीण पुरते. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा वायरचा स्वस्त कॅमेराही काही जण सुचवतात. त्याचं टोक चाकांनी वाकत नाही, त्यामुळे पडद्याकडे बघून हात हलवण्याची सवय लागण्यापुरताच त्याचा उपयोग.

मूत्राशयाच्या दुर्बिणीसाठी तर ढोबळी मिरची वापरून झाली आहे. देठाजवळ भोक पाडून दुर्बीण आत घालायची आणि पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या बिया चिमट्याने एकेक टिपायच्या. दादरच्या मंडईत यासाठी मिरची निवडायची तर टणक आणि मोठी बघावी.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात डुकराचं जठर साच्यात बसवून रक्तस्राव थांबवण्याचा सराव सुरू केला. आपल्याकडे खाटकाकडे सहज मिळते ती बोकडाची वजडी, पण रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाला चार कप्पे असतात, त्यामुळे तिथे माणसाच्या जठराची वाट सापडत नाही. शिवाय प्राण्याच्या अवयवात घातलेली दुर्बीण वेगळीच ठेवावी लागते, ती पुन्हा रुग्णासाठी वापरायची नाही.

संगणकावरची आभासी यंत्रंही आहेत, किंमत कित्येक लाखांच्या घरात. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनुसार अशा यंत्रावर आधी हात बसवलेल्यांना सुरुवातीला फायदा होतो. पण रुग्णाजवळ, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली घ्यायच्या शिक्षणाची जागा ते यंत्र घेऊ शकत नाही. खोक्याचंही तेच. खोकं उमासे देत नाही, त्याच्या डोळ्यांतून पाणी येत नाही, ते हात धरून ‘डॉक्टर, काढा’ अशी खूण करत नाही. हे रुग्णापाशीच शिकायचं. म्हणून तर तोवर अंगठा तयार असला पाहिजे, म्हणजे लक्ष माणसाकडे देता येईल.

मुंबईला हे परकं नाही. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली जे. जे.मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया केली. पडद्याकडे बघून हात चालवायला त्यानंतर इथल्या कितीतरी मुरलेल्या सर्जनना नव्याने शिकावं लागलं. पोटावरच्या त्या शस्त्रक्रियांसाठी खोक्यावरचा सराव रुळला; जठराच्या दुर्बिणीसाठीही तो तसाच रुळावा. एमबीबीएसच्या २०१९च्या अभ्यासक्रमाने वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा आणली, तेव्हा खोलीचा प्रश्न मोठा नाही. कमी पडतो तो वेळ. रात्रपाळी करून आलेला रेसिडेंट आपणहून खोक्यापाशी बसणार नाही, आणि शेजारी सीनिअर नसेल तर तो चुकीचीच पकड घटवत बसेल. म्हणून आठवड्याचा एक तास दोघांच्या नावासकट ड्युटीच्या यादीत लिहिलेला हवा, आणि तो पूर्ण होईपर्यंत पहिल्या रुग्णाच्या तोंडात दुर्बीण घालायची परवानगी नको.

पुढच्या लेखांकात : नाकाची दुर्बीण आणि बोकडाची मुंडी.