शब्बाथच्या भट्टीतून आलेलं भांडं

२३ जानेवारी १९४० रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने शिकागोच्या एका इंजिनिअरला स्वयंपाकाच्या भांड्याचं पेटंट दिलं. आत मातीची खोल कुंडी, तिला वेढणारी विजेची तार, वर झाकण. या गृहस्थांचं नाव अर्व्हिंग नाखुमसोन. पुढे त्यांनी आडनाव बदलून ते नॅक्सन केलं. आज अमेरिकेत घरोघरी ज्यात बीफ स्टू शिजतो, त्या स्लो कुकरचं मूळ या पेटंटात आहे. भांड्याची कल्पना मात्र त्यांना आईच्या आठवणीतून सुचली होती.

आईचं बालपण लिथुआनियातल्या विल्ना शहरात, म्हणजे आजच्या विल्नियसमध्ये गेलं. शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी घरचं चोलन्तचं भांडं बेकरीत पोचवायचं काम तिच्याकडे असे. मांस, बटाटे, वाल-घेवड्यासारखी कडधान्यं आणि बार्ली यांचा हा दाट रस्सा. पावाच्या भट्टीत नवा जाळ घातला नाही तरी तिच्या भिंतींत धग उरते. त्या धगीवर चोलन्त रात्रभर शिजे आणि शनिवारी दुपारी गरमागरम घरी येई.

यामागे धर्माज्ञा होती. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, असं बायबलातल्या ‘निर्गम’ या ग्रंथात सांगितलं आहे. मग शनिवारी ऊन जेवण कसं मिळावं? मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मशास्त्रात याचा बारकाईने विचार आहे: चुलीवर अन्न ठेवून द्यायचं असेल तर आधी निखारे काढून टाकावेत, नाहीतर राखेने झाकावेत. हा शनिवार आपल्या कोकणालाही परका नाही. रायगडच्या गावांतून तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

स्लो कुकर नीट वापरायचा तर ही राखेखालची आच समजून घ्यावी लागते. जनावराचा खांदा, मान, नळीचा भाग आयुष्यभर कष्टतो. तिथे कोलॅजनचे चिवट पडदे असतात आणि म्हणून ते मांस स्वस्त असतं. मोठ्या आचेवर भराभर शिजवलं की स्नायूंचे धागे आवळतात, पाणी पिळून निघतं आणि तुकडा वातड होतो. पण साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ओलाव्यात तासन्‌तास राहिलं की कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. धागे सुटे होतात, रस्सा ओठांना चिकटेल इतका दाट होतो. मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या रात्रभर शिजलेल्या नल्ली निहारीत हेच घडतं. महागडं, कोवळं मांस या भांड्यात घालणं म्हणजे ते वाया घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुष्कळांना वाटतं, ‘लो’ म्हणजे कमी तापमान आणि ‘हाय’ म्हणजे जास्त. बऱ्याच कुकरांत दोन्ही कळा शेवटी उकळीच्या जरा खालच्या तापमानाला पोचतात. फरक पोचायला लागणाऱ्या वेळेचा. म्हणूनच स्टूला हायवर चार-पाच तास लागतात, तर लोवर आठ-नऊ. लोवरचा स्टू मला केव्हाही सरस वाटतो.

एक गोष्ट मात्र या भांड्याला कधीच जमत नाही. मांसाला खरपूस तांबूस रंग आणि वास यायला १४० अंशांच्या आसपासची कोरडी उष्णता लागते, आणि पाण्यात ती मिळत नाही. तेव्हा स्टूची सुरुवात जाड बुडाच्या पातेल्यात करावी. दीड इंची तुकडे फडक्याने टिपून कोरडे करावेत, तेल चांगलं तापू द्यावं, थोडे थोडे तुकडे टाकावेत. गर्दी झाली की पाणी सुटतं आणि मांस परतलं जाण्याऐवजी वाफवलं जातं. तुकडे काढल्यावर तळाची खरवड कांदा आणि जराशा पाण्याने किंवा रेड वाइनने सोडवून तीही कुंडीत घालावी. स्टूची निम्मी चव त्या खरवडीत असते.

कुंडीत बटाटे आणि गाजरं तळाशी व कडेला लावावीत, कारण इथे कंदमुळं मांसापेक्षा सावकाश शिजतात. पाणी बेताचं घालावं, वाफ झाकणाला लागून परत खालीच येते. झाकण सारखं उघडू नये. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस मिनिटं तरी जातात. बर्फासारखं गोठलेलं मांस थेट घालू नये. ते फार वेळ कोमट राहतं आणि ६० अंशांच्या खाली जंतू फोफावतात.

नॅक्सन यांचं भांडं ‘बीनरी’ या नावाने बेताचंच खपलं. १९७० साली कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्यांचा उद्योग विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणलं. सकाळी घालून नोकरीवर जा, संध्याकाळी जेवण तयार! घराबाहेर काम करणाऱ्या बायकांची संख्या वाढत असताना ही जाहिरात नेमकी लागू पडली. मेबल हॉफमन यांचं ‘क्रॉकरी कुकरी’ हे १९७५चं पुस्तक प्रचंड खपलं. पण त्याच काळात डबाबंद सूप ओतून सगळं एकदम शिजवायची सवयही पसरली. बेचव, गिळगिळीत स्टूचा दोष भांड्याला लागला तो त्यामुळे.

परदेशातल्या ज्या मराठी घरांत हा कुकर आहे, त्यांना एक कळकळीची विनंती. स्टूत किंवा चोलन्तमध्ये राजमा घालणार असाल तर कच्चा घालू नका. त्यातलं लेक्टिन हे विष मंद आचेवर नष्ट होत नाही, उलट अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक बाधतो. तो किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच कुकरमध्ये घाला.